अभ्यासक्रम नंतर बघू, आधी वही कोण बघणार ते ठरवा

पत्र असं आहे:

मॅडम नमस्कार. आम्ही सोलापूरचे, अक्कलकोट रोडला राहतो, मिस्टरांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मोठी मुलगी १४ पूर्ण झाली, सातवीनंतर शाळा सोडून घरीच शिकते, धाकटा ११ चा आहे. बाकी विषय छान चाललेत पण गणितात गाडी अडकलीय. होमस्कूलिंगच्या ग्रुपवर कोणी म्हणतं अमेरिकन करिक्युलम मागवा, कोणी म्हणतं केंब्रिज, कोणी म्हणतं एनआयओएस आहे ना, मग कशाला डोकं लावता. एका ऑनलाइन क्लासवाल्यांचे रोज फोन येतात. एकदम भरले तर २४,००० आणि हप्त्यानं घेतलं तर आत्ता ४,००० आणि मग महिन्याला ३,५०० असे सहा हप्ते, "मॅडम फक्त हजारच जास्त" म्हणतात. मुलगी म्हणते मला टेक्स्टाइल डिझाइन करायचंय, गणित सोडूनच देऊ. सासूबाई म्हणतात शाळेत घाला. सध्या एका ॲपवर करते, पण तेच तेच चुकतंय. वहीच्या एका पानाचा फोटो सोबत पाठवलाय. काय करू?

ताई, नमस्कार.

पत्रात पाचसहा प्रश्न आहेत पण मला सगळ्यात कामाचं वाटलं ते वहीचं पान, म्हणून आधी तिथंच येते. तिसरं गणित बघा. ५ − (क्ष − ३) = २. मुलीनं लिहिलंय ५ − क्ष − ३ = २, म्हणून २ − क्ष = २, म्हणून क्ष = ०. खरं उत्तर ६. कंसाच्या बाहेर वजा आहे तर कंस काढताना आतल्या ३ चं चिन्ह बदलून अधिक ३ होतं, ते तिनं केलं नाही, बस एवढंच. आता त्याच पानावर खालची दोन गणितं बघा, तिथंही हेच. आणि वरची दोन, ज्यात कंसाबाहेर अधिक आहे, ती अगदी बरोबर, पायऱ्या स्वच्छ, अक्षरसुद्धा छान. म्हणजे मुलीला समीकरणं येत नाहीत असं अजिबात नाही, तिला एक गोष्ट येत नाही आणि ती कोणी बोट ठेवून दाखवली नाही. ॲपनं काय केलं, चूक म्हणून लाल केलं आणि समीकरणाचा तोच व्हिडिओ पहिल्यापासून परत लावला, कारण त्याला फक्त शेवटचं उत्तर टाइप केलेलं दिसतं, मधल्या दोन ओळी दिसतच नाहीत. तिनं तो व्हिडिओ परत बघितला, परत तसंच केलं, परत लाल. मग पोरगी म्हणणारच की गणित सोडून देऊ, मी असते तरी म्हणाले असते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की कुठलं करिक्युलम हा प्रश्न दोन नंबरचा, एक नंबरचा प्रश्न हा की तिची वही आठवड्यातून दोनदा तरी कोण बघणार. ते तुम्ही असाल, मिस्टर असतील, गल्लीतले एखादे रिटायर्ड सर असतील नाहीतर ऑनलाइनवाले असतील, पण माणूस पाहिजे आणि त्यानं पायऱ्या वाचल्या पाहिजेत.

आता करिक्युलमचं. ते निवडायचं असेल तर उलटीकडून यायचं, म्हणजे दहावीची परीक्षा कुठल्या बोर्डाची द्यायची ते आधी, पुस्तक मग. ग्रुपवर लोक पुस्तकाबद्दल भांडतात आणि परीक्षेचं दोन वर्षांनी बघू म्हणतात, तिथंच घोळ होतो. तुमच्या मुलीसाठी मला तीन रस्ते दिसतात.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, १९८९ पासूनची केंद्र सरकारची संस्था. दहावीच्या पातळीला १४ वर्षं पूर्ण लागतात, ती झालीच आहेत. आठवीचा दाखला नाही म्हणून घाबरू नका, मी दहावीचा अभ्यास करण्याइतकं शिकलेय असं स्वतःचं लेखी प्रमाणपत्र तिथं चालतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव घातलं की ५ वर्षांत ९ संधी, आणि विषय सुटे सुटे देता येतात, ही घरी शिकणाऱ्या पोरांसाठी लाखमोलाची सोय आहे. म्हणजे भाषा आणि चित्रकला यंदा, गणित सावकाश पुढच्या वेळी, कोणी विचारत नाही. गणिताचा कोड २११. त्यात बीजगणित, व्यापारी गणित, भूमिती, क्षेत्रफळ-घनफळ, त्रिकोणमिती, सांख्यिकी. २० टक्के गुण घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला असतात, ती मात्र वेळेत द्या, लोक नेमकं तेच विसरतात. मराठी माध्यमही आहे.

दुसरा रस्ता आपल्या राज्य बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा. तिच्याकडे सातवीचा शाळा सोडल्याचा दाखला असेलच, तो जपून ठेवा, या फॉर्मला तो लागतो. सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं. गणिताचे दोन पेपर, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती, लेखी ४०-४० गुणांचे. फायदा असा की सोलापुरात कुठल्याही पेठेत या पेपरचं शिकवणारा माणूस मिळतो, जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, शेजारची पोरगीही तेच करत असते. तोटा असा की सगळे विषय एकदम डोक्यावर येतात. भूमितीत सिद्धता लिहायला लागते, ती ज्यांना आवडते त्यांना फार आवडते, बाकीचे पाठ करतात.

तिसरा केंब्रिजचा आयजीसीएसई, म्हणजे त्यांची आपल्या दहावीच्या तोडीची परीक्षा. अभ्यासक्रम चांगला आहे, माझं त्याबद्दल काही वाईट मत नाही. गणितात कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन प्रकार, आणि कोअर घेतलं तर कितीही भारी पेपर लिहिला तरी सी ग्रेडच्या वर मिळत नाही, हे ग्रुपवर कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. २०२५ पासून एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असतो, त्यामुळं "केंब्रिजला काय सगळं कॅल्क्युलेटरवर" हे आता जुनं झालं. पण बाहेरून परीक्षेला बसायला तसं सेंटर शोधावं लागतं, त्यासाठी पुण्या-मुंबईकडं चौकशी करा, फी प्रत्येक विषयाची वेगळी आणि जड. तुमच्या पत्रात परदेशी शिकायला जायचं असं कुठं दिसलं नाही. मग हा खर्च कशासाठी? ग्रुपमधल्या कोणाचा मुलगा करतोय म्हणून करू नका एवढंच.

आणि अमेरिकन करिक्युलम. पुस्तकं खरंच देखणी असतात, मी हातात घेऊन बघितलीत, काही तर वाचायलाच मजा येते. अडचण दुसरीच आहे. तिकडं एक अख्खं वर्ष अल्जेब्रा १, मग एक वर्ष फक्त जॉमेट्री, मग अल्जेब्रा २, अशी वाटणी असते. आपल्याकडं नववीत नि दहावीत बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती, सांख्यिकी सगळं दरवर्षी थोडं थोडं चालतं. म्हणजे मुलगी अल्जेब्रा १ नीट पुरं करून उठली तरी आपल्या दहावीच्या पेपरमधली भूमिती नि त्रिकोणमिती तिनं बघितलेलीच नसणार, आणि तुम्हाला वाटणार नववी-दहावीचं झालं. वर फूट, इंच, गॅलन आणि डॉलर. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या तिकडच्या गणिताच्या ऑनलाइन शाळेचं नाव तुमच्या ग्रुपवर येत असेलच, ज्या पोरांना गणिताची भूक आहे, ऑलिंपियाडसारख्या गणिताच्या स्पर्धांकडं जायचंय त्यांच्यासाठी ते अव्वल आहे, त्यांचं अल्क्युमस नावाचं सरावाचं साधन फुकटही आहे. पण क्लास लावायचा म्हटलं तर तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात पहाटेचे पाच, हिवाळ्यात सहा. आणि त्या क्लासात शिक्षक बोलत नाहीत, सगळं टाइप करून चालतं. कंसाबाहेरच्या वजाशी झगडणाऱ्या मुलीला पहाटे पाचला उठवून इंग्रजी टायपिंगमध्ये बसवायचं? नको.

तर माझं मत सरळ आहे, एनआयओएस धरा, आणि शिकायला मात्र एनसीईआरटीची नववी-दहावी किंवा बालभारतीची पुस्तकं घ्या, कारण एनआयओएसचं पुस्तक परीक्षेपुरतं ठीक आहे पण उदाहरणं कमी पडतात. दोन्हींच्या पीडीएफ सरकारी साइटवर फुकट आहेत, तरी छापील घ्या, पोरांना स्क्रीनवर भूमिती दिसत नाही. एकच पुस्तक मुख्य. तीन करिक्युलमची तीन पुस्तकं टेबलावर ठेवून रोज वेगळं उघडणं हा आपल्या होमस्कूलवाल्या घरांचा खास रोग आहे, राग मानू नका.

पण नववीचं पुस्तक उद्याच उघडू नका हां. ती सातवीनंतर घरी आहे, मधली दोनेक वर्षं काय झालंय ते आधी बघा. बालभारतीची सातवी आणि आठवीची पुस्तकं घ्या, त्यात प्रत्येक विभागाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो, त्यातली काही काही गणितं निवडून तिला शांतपणे करायला द्या, घड्याळ लावू नका, आणि उत्तरापेक्षा पायऱ्या बघा. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश याला तिनं तीन सप्तमांश लिहिलं, म्हणजे वरचं वर नि खालचं खाली मिळवलं, तर अपूर्णांकापासून सुरू करावं लागेल (उत्तर ११/१२ आहे). उणे तीनचा वर्ग आणि तीनच्या वर्गाच्या आधी उणे यातला फरक विचारा. आणि एक तोंडी विचारा, तुमच्या धंद्यातलंच. टॉवेलचा भाव आधी २० टक्क्यांनी वाढवला, गिऱ्हाईक फिरकेना म्हणून नव्या भावावर २० टक्के सूट दिली, भाव मूळचाच झाला का? हो म्हणाली तर शेकडेवारी पाठ आहे पण समजलेली नाही. १०० चे १२० झाले, १२० चे २० टक्के २४, राहिले ९६. मिस्टरांना विचारा, ते पेन न उचलता सांगतील.

या तपासणीत आठवीची भोकं निघाली तर दोनतीन महिने तिथंच घालवा. घाई नाही, ९ संधी आहेत की.

आता ते पॅकेजवाले. "फक्त हजारच जास्त" हे वाक्य मला फार आवडलं, कारण एनआयओएसच्या गणितात हप्त्यानं खरेदी असा अख्खा धडा आहे आणि हे त्याचंच उदाहरण तुम्हाला फोनवर फुकट मिळालंय. मुलीला शेजारी बसवा नि करा. किंमत २४,०००, आत्ता दिले ४,०००, राहिले २०,०००. सहा हप्ते ३,५०० चे म्हणजे २१,०००, व्याज १,०००. आता हे हजार रुपये वीस हजारांवर सहा महिन्यांसाठी नाहीत, कारण तुम्ही दर महिन्याला फेडताय. पहिल्या महिन्यात तुमच्याकडं त्यांचे २०,००० आहेत, दुसऱ्यात १६,५००, मग १३,०००, ९,५००, ६,००० आणि शेवटी २,५००. बेरीज ६७,५००. म्हणजे ६७,५०० रुपये एका महिन्यासाठी वापरल्याचं व्याज हजार. वर्षाचा दर काढा, १,००० गुणिले १०० गुणिले १२ भागिले ६७,५००. जवळजवळ १७.८ टक्के. फोनवरच्या पोराला हा आकडा सांगून बघा, बहुतेक दुसऱ्या दिवशी फोन येणार नाही.

व्याज सोडा, क्लास चांगला असेल तर पैसे द्यायला माझी ना नाही. पण डेमोला फक्त बघत बसू नका, विचारा. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आहेत की समोर सर आहेत? बॅचमध्ये किती पोरं? डेमोचे सर नि रोजचे सर तेच का? हा प्रश्न विचारला की बरेच जण अडखळतात. मध्ये सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतात का, आणि ते लेखी देता का? आणि मुख्य म्हणजे तिचं हेच वहीचं पान त्यांना पाठवा आणि म्हणा, यात काय चुकतंय ते सांगा. जो माणूस कंसाबाहेरच्या वजावर बोट ठेवेल त्याच्याकडं लावा. "फाउंडेशन वीक आहे मॅडम, आमचा फाउंडेशन कोर्स घ्या" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. हीच परीक्षा गल्लीतल्या ट्यूशनच्या सरांनाही लावा, तिथंही पन्नास पोरांच्या घोळक्यात फळ्यावरचं उतरवून घेणं चालत असेल तर ऑनलाइनपेक्षा ते काही बरं नाही.

माझ्या मते तुम्हाला सध्या पॅकेज लागतच नाही. समजावून घ्यायला खान अकॅडमी फुकट आहे, त्यात भारतातल्या इयत्तांप्रमाणं लावलेला भाग आहे, तो घ्या, अमेरिकन इयत्तांचा नको. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी ॲपचे व्हिडिओ उघडतात, काही बरे आहेत, काही नुसतं पुस्तक वाचून दाखवतात. एनआयओएसचे धडे स्वयम् या सरकारी साइटवरही आहेत. म्हणजे शिकवणारे फुकटात भरपूर, कमी आहे ती बघणाऱ्याची. तेव्हा पैसे तिथं खर्च करा. जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो, शाळेतून रिटायर झालेले गणिताचे सर-मॅडम आपल्याकडं पुष्कळ आहेत ज्यांना मोठ्या बॅचचा कंटाळा आलाय पण एका पोरीची वही बघायला आनंदानं तयार होतील. आठवड्यातून दोन वेळा एकेक तास. त्यांना स्पष्ट सांगा की नवीन शिकवू नका, तिनं केलेलं बघा आणि ती का चुकली ते तिच्याच तोंडून काढा. (पुण्याच्या शनिवार-रविवारच्या क्लासचंही कोणीतरी सुचवेलच. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन रात्री परत यायचं, पोरगी गाडीत झोपणार नि क्लासातही.)

रोजचं म्हणाल तर पाऊण तास ते एक तास, आठवड्यातून पाच दिवस, सकाळी. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी माणसाचं डोकं कुलरसमोरसुद्धा चालत नाही आणि वीज गेली की ऑनलाइन क्लासचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आधी कालची चुकलेली गणितं, मग नवीन. चुकलेल्याला खोडरबर लावू द्यायचं नाही, शेजारी दुसऱ्या रंगानं बरोबर लिहायचं.

गणित सोडण्याबद्दल. एनआयओएसला दहावीत गणित सक्तीचं नाही हे खरं आहे, आणि टेक्स्टाइल डिझाइनला पुढं निफ्टसारख्या (फॅशन डिझाइनची सरकारी संस्था) ठिकाणी बारावी कुठल्याही शाखेची चालते हेही खरं. म्हणजे मुलीनं माहिती बरोबर काढलीय, तिला ओरडू नका. पण ती १४ ची आहे, अजून दोनदा तरी विचार बदलेल, आणि दहावीला गणित नसलं की सायन्सचं, आर्किटेक्चरचं दार पुढं उघडायला फार त्रास होतो. आत्ताच्या रागावर तो निर्णय घेऊ देऊ नका. आणि तिला एकदा जॅकार्डचं, म्हणजे मागावर विणून काढायच्या नक्षीचं, डिझाइन करणाऱ्याकडं घेऊन जा, सोलापुरात राहून हे बघितलं नाही असं व्हायला नको. चादरीवरचा मोर आधी ग्राफवर चौकोन चौकोन करून काढतात, एक उभी ओळ म्हणजे ताण्याचे धागे, एक आडवी म्हणजे बाण्याचा धागा. ताण्याची नि बाण्याची घनता इंचाला सारखी नसेल तर कागदावरचा गोल चादरीवर अंडाकृती होतो, म्हणून ग्राफचे चौकोन त्या प्रमाणात घ्यावे लागतात. इंचाला ताण्याचे ४० आणि बाण्याचे ३० धागे असतील तर १२० धागे रुंद फूल उंचीला किती धागे घ्यायचं म्हणजे ते चौरसात बसेल? १२० धागे म्हणजे ३ इंच, ३ इंच उंचीला ९०. हे गुणोत्तर-प्रमाणच आहे, आणि तिला ते करावंसं वाटेल कारण समोर मोर आहे.

धाकट्याचं फार डोकं लावू नका. त्याला एनसीईआरटीचं नवीन गणित प्रकाश घ्या, सहावीचं २०२४ ला आलं, सातवी-आठवीचं २०२५ ला, कोडी, आकृत्या भरपूर आहेत, आधीच्या पुस्तकापेक्षा कितीतरी वाचनीय. बोर्डाचा विचार त्याच्यासाठी अजून दोन वर्षं नको.

सासूबाईंना बहुतेक शाळा नकोय, त्यांना पोरीच्या हातात सरकारी शिक्क्याचं मार्कशीट दिसायला पाहिजे, आणि ती मागणी अगदी रास्त आहे. एनआयओएसचा फॉर्म भरला की पावती त्यांना दाखवा. प्रवेशाच्या तारखा दरवर्षी थोड्या हलतात तेव्हा फॉर्म स्वतः अधिकृत साइटवरून भरा, "आम्ही पास करून देतो, नुसतं आधार कार्ड द्या" असे बोर्ड लावलेले एजंट आपल्याकडंही आहेत, त्यांच्या पायरीवर चढू नका.

आणि आज संध्याकाळी ते तिसरं गणित तिच्याकडून परत करून घ्या, पण क्ष च्या जागी आधी साधा आकडा घालून. ५ − (४ − ३) किती? ती ४ म्हणेल. मग तिच्या पद्धतीनं ५ − ४ − ३ करायला सांगा, −२ येईल. दोन्ही शेजारी शेजारी लिहू द्या आणि तुम्ही काही बोलू नका, तिचं तिलाच कळेल.